गाडी रिकामी होण्याआधी

घर बांधून झाले, रंग लागला, वास्तुशांतीचे जेवण झाले, तरी घराचे काम संपलेले नसते. अंगण तसेच उघडे पडलेले असते. पहिला पाऊस येतो आणि फाटकापासून पायरीपर्यंत चिखल होतो. मग मुरूम, गिट्टी, रेती आणि माती यांची खरेदी सुरू होते. साडी घेताना दहा दुकाने पालथी घालणारे, भाजी घेताना तराजूच्या काट्यावरून नजर न हलवणारे घर ही खरेदी मात्र फोनवर एका वाक्यात उरकते : ‘‘एक ट्रॉली गिट्टी पाठवा.’’ ट्रॉली केवढी, गिट्टी कसली, हे विचारलेच जात नाही.

भिलाईतील कोहक्यात ही खरेदी नवी नाही. सोव्हिएत रशियाच्या मदतीने भिलाई पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसे इथे आली, त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबेही होती. नोकरीची वर्षे कारखान्याच्या सेक्टरमधील क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीनंतर स्वतःचे छप्पर हवे, म्हणून अनेकांनी महामार्गाच्या उत्तरेला, सुपेल्याच्या पुढे, कोहका-जुनवानीकडे जागा घेतल्या. कोहका मूळचे गाव. आज ते भिलाईच्या महापालिका हद्दीत असले तरी त्यापलीकडे शेतेच लागतात. अशा घरात ग्रॅच्युइटीचा पैसा गुंतलेला असतो. तो अंगणात वाया जाऊ नये, यासाठी थोडी माहिती आधीच हवी.

आधी टेप, मग फोन

पुण्या-मुंबईकडे ज्याला खडी आणि वाळू म्हणतात, त्यालाच विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये गिट्टी आणि रेती म्हणतात. शब्दांचा फरक लवकर अंगवळणी पडतो. गोंधळ होतो तो मापाचा. महाराष्ट्रात हिशेब ‘ब्रास’चा असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. भिलाईत मात्र कोणी ‘फूट’ म्हणतो, कोणी ट्रॉली, कोणी हायवा, तर कोणी टन. म्हणून आपली गरज आधी घनफुटांत काढावी. ती भाषा सगळीकडे एकच असते.

समजा, अंगण ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. त्यावर दाबून ६ इंचांचा मुरूम हवा असेल, तर ६ इंच म्हणजे अर्धा फूट. ६०० गुणिले अर्धा, म्हणजे ३०० घनफूट. पण गाडीतला मुरूम सुटा असतो आणि पाणी मारून धुमस केला की खाली बसतो. म्हणून पाव भाग जास्त धरून ३७५ घनफूट, म्हणजे पावणेचार ब्रास मागवावा. त्यावर ३ इंचांची गिट्टी म्हणजे १५० घनफूट. सांडलवंडीसाठी दहावा भाग जास्त धरला की १६५. एवढा आकडा कागदावर मांडून ठेवावा आणि मगच फोनला हात लावावा.

माल टनावर मिळत असेल, तर एक ब्रास गिट्टी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते, हे लक्षात ठेवावे. त्यावरून दोन विक्रेत्यांचे भाव ताडून पाहता येतात.

ट्रॉलीचे खरे माप

‘‘पूरी सौ फुट है, भाभीजी,’’ असे गाडीवाला सांगतो. तो खोटेच बोलत असेल असे नाही. त्यालाही मालकाने तेवढेच सांगितलेले असते. पण टेपने खात्री करायला पाच मिनिटे पुरतात. डाल्याची लांबी, रुंदी आणि उंची आतून मोजावी. लांबी ९ फूट, रुंदी साडेपाच फूट आणि उंची पावणेदोन फूट भरली, तर गुणाकार साडेशहाऐंशी घनफूट येतो, शंभर नाही. अशा चार ट्रॉल्या उतरल्या की अर्ध्या ट्रॉलीहून जास्त माल पैसे देऊनही हाती आलेला नसतो.

वर ढीग दिसतो त्याला भुलू नये. फळीच्या टोकाने ढीग सारखा करायला सांगावा आणि मग उंची घ्यावी. माल टनावर घेतला असेल, तर धर्मकाट्याच्या दोन्ही पावत्या मागाव्यात, भरल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची. दोन्हींतला फरक तेवढा आपला माल. हे सारे माल उतरण्याआधी व्हायला हवे. जमिनीवर पडलेला ढीग ना नीट मोजता येतो, ना परत पाठवता येतो.

ओली रेती फुगते

रेतीची आणखी एक गंमत आहे. किंचित ओली रेती फुगते. कणांभोवतीच्या पाण्यामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तेवढ्याच रेतीचे आकारमान पाव भागापर्यंत वाढू शकते. पारखायचे असेल, तर काचेची बरणी रेतीने सैल भरावी, तिची पातळी खूण करून ठेवावी, मग पूर्ण भिजेल इतके पाणी घालून ढवळावे. रेती बसल्यावर जेवढी खाली जाईल, तेवढी ती फुगलेली होती.

त्याच बरणीने गाळही कळतो. निम्मी बरणी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. चांगले हलवून तीन तास ठेवले की रेतीवर गाळाचा थर दिसतो. तो शंभरात सहा ते आठ भागांहून जाड असेल, तर ती रेती गिलाव्याच्या कामाची नव्हे. मार्गाखाली अंथरायला मात्र चालेल.

स्लॅगचा मोह

पोलादाच्या गावात भरावाला स्वस्त माल म्हणून स्लॅग सुचवला जातो. इथे एक भेद समजून घ्यायला हवा. झोतभट्टीत लोखंड तयार होताना निघणारा स्लॅग पाण्याने झटकन थंड केला की त्याचे दाणे होतात आणि ते सिमेंटला लागतात. हवेत सावकाश थंड झालेला स्लॅग गिट्टीसारखा वापरता येतो. पण लोखंडापासून पोलाद बनवताना निघणाऱ्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो. पाणी लागले की तो फुगतो. घराच्या जोत्यात किंवा फरशीखाली असा ताजा स्लॅग भरला, तर काही महिन्यांनी फरशी उचलली जाते, भिंतीला भेग पडते. दोष गवंड्याला दिला जातो, कारण मात्र खाली गाडलेले असते.

स्लॅग वाईटच असतो असे नाही. गुजरातमध्ये हजिऱ्याला २०२२ साली पोलादाच्या स्लॅगचा सहापदरी रस्ता झाला, पण तो प्रक्रिया केलेल्या स्लॅगचा. गिट्टी-रेतीच्या भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ साली स्लॅगला जागा मिळाली, तीही मर्यादा घालूनच. सळईच्या काँक्रीटमध्ये पोलादाच्या स्लॅगला परवानगी दिलेली नाही. म्हणून कुठला स्लॅग, किती जुना, हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर तो घरात नको आणि फुलझाडांजवळही नको. त्याच्या चुन्याने माती अल्कधर्मी होते.

कुठला थर कुठे

महाराष्ट्रातून आलेल्या नजरेला काळी खडी ओळखीची असते, कारण तिथला दगड बहुतेक बेसाल्ट. दुर्ग-भिलाईची जमीन चुनखडीवर वसली आहे. कारखान्याला चुनखडी पुरवणारी नंदिनीची खाण जवळच आहे. त्यामुळे इथली गिट्टी करडी, कधी जांभळट छटेची दिसते. रंगावरून ती नाकारू नये. दोन खडे एकमेकांवर आपटून पाहावेत. टणक आवाज यावा, भुगा पडू नये. चपट्या चिपा फार असतील, तर पायाखाली त्या घट्ट बसत नाहीत.

मातीही पाहावी. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा मुरमाड असते, तीवर थोडे काम पुरते. कन्हार काळी आणि चिकट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर गिट्टी थेट टाकली, तर दोन पावसाळ्यांत ती चिखलात बुडते. वरची सहा इंच माती काढावी, मुरूम दाबून भरावा आणि मग गिट्टी घालावी. काढलेली माती फेकू नये. शेणखत मिसळून ती वाफ्यांना घालावी.

चालण्याच्या वाटेला १० ते १२ मिलिमीटरची गिट्टी बरी, तीवर पाय मुरगळत नाही. मोटार उभी करायच्या जागी २० मिलिमीटरची घ्यावी. उतार घराकडून बाहेर हवा, दर चार फुटांना एक इंच. झाडाच्या खोडाला गिट्टी भिडवू नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी.

कागद आणि काळ

इमारतीचा दगड, गिट्टी आणि साधी रेती ही १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार गौण खनिजे आहेत. त्यांचे नियम राज्य सरकार करते. माल आणणाऱ्या गाडीजवळ खनिज विभागाचा अभिवहन पास असायला हवा. पास नसलेली गाडी वाटेत जप्त होऊ शकते आणि मग आगाऊ दिलेल्या पैशांमागे धावावे लागते. शिवनाथसारख्या नदीतून वाटेल तशी रेती उपसली, तर काठ ढासळतात, आसपासच्या विहिरींचे पाणी खाली जाते. स्वस्त रेतीची किंमत अशी दुसऱ्याला मोजावी लागते.

पावसाळ्यात नदीतून रेती काढणे बंद असते, मुरुमाच्या खाणीत पाणी साचते आणि भाव चढतात. म्हणून खरेदी फेब्रुवारी ते मे या काळात आटोपलेली बरी. मागणी कागदावर द्यावी : मालाचे नाव, आकार, घनफूट, दर, वाहतूक आणि उतराई दरात धरली आहे की नाही, आणि पैसे मोजणी झाल्यावर.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी माल कुठे पडायचा ती जागा चुन्याने आखून ठेवावी. सेप्टिक टँकच्या झाकणावरून भरलेली हायवा जाता कामा नये. डाला उचलताना वर विजेची तार नाही ना, हे पाहावे. त्या क्षणी मुलांना घरातच ठेवावे. ढीग रस्त्यावर किंवा नालीवर पडू देऊ नये, नाहीतर पहिल्याच पावसात शेजाऱ्याच्या दारात पाणी शिरते.

ही सारी कामे मिळून एका सकाळची आहेत. घरातल्या एकाने टेप धरावा, दुसऱ्याने आकडे लिहावेत. गाडीवाल्याला चहा जरूर द्यावा, पण मोजणी झाल्यावर.