दंडावरचा देवीचा वण

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात काय किंवा तुमच्या गावात काय, साठी ओलांडलेल्या आजोबांचा हात जरा निरखून पाहा. बहुधा नाण्याएवढा, मध्ये खोलगट असा एखादा वण दिसेल. तुमच्या दंडावरचा बारीक वण क्षयाच्या बी.सी.जी. लशीचा, आजोबांचा मात्र देवीच्या लशीचा.

या रोगाचे नावच पाहा. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणत. घरी आलेल्या देवतेला औषध देऊन दुखवायचे कसे? म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधीत आणि परक्याला आत येऊ देत नसत. (यातली दुसरी गोष्ट विज्ञानालाही पटावी अशीच!) लस टोचायला देवीडॉक्टर आला, की आया मुलांना लपवून ठेवीत.

पण लोक अडाणी म्हणून भीत, असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. आपल्या देशात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तिच्या हातावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो पुढच्या मुलांना टोचला. एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात, अशीच ती लस गावोगाव गेली. परजातीच्या मुलाच्या अंगातला द्रव नको, हा विटाळाचा विचार त्या काळी होताच; पण त्या द्रवाबरोबर दुसरे रोगही जाऊ शकत, ही भीती खोटी नव्हती. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवू लागले, तर तेही अनेकांना रुचेना. शिवाय आपल्याकडील उन्हाळ्यात ती पातळ लस निकामी होई. टोचून घेऊनही देवी आल्या, तर कोण विश्वास ठेवणार?

हा विश्वास परत मिळाला तो उपदेशाने नव्हे, तर चांगल्या लशीने. गोठवून वाळवलेली लस उष्ण हवेतही टिके. दोन टोकांच्या सुईने भराभर पंधरा टोचे मारले की काम होई. कार्यकर्ते देवीच्या रोग्याचे चित्र दाखवीत घरोघर फिरले. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मग लसही थांबली.

इथे देवीचा चुलतभाऊ मंकीपॉक्स पुढे येतो. १९५८ मध्ये तो कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांत सापडला, म्हणून हे नाव. निसर्गात मात्र तो मुख्यतः उंदीर-खारींच्या जातीतील प्राण्यांत राहत असावा. माणसातला पहिला रोगी १९७० मध्ये काँगोत आढळला. ते नऊ महिन्यांचे मूल होते, आणि घरात देवीची लस न टोचलेले तेवढे एकच! दोन्ही विषाणू इतके जवळचे, की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखतात. पुढील पाहणीत जुन्या लशीने सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळाल्याचा अंदाज निघाला. म्हणजे या बाबतीत आजोबा नातवापेक्षा थोडे सुरक्षित, जरी वयानुसार ही शक्ती कमी होत असली तरी.

जुलै २०२२ मध्ये केरळात भारतातला पहिला रोगी आढळला, तेव्हा लोकांचा प्रश्न नेमका उलटा होता : आम्हाला लस केव्हा? पण हा रोग मुख्यतः निकटच्या स्पर्शाने पसरतो. म्हणून लस सरसकट नव्हे, तर रोग्याच्या सहवासात आलेल्यांना आणि अधिक धोका असलेल्यांनाच देण्याची शिफारस आहे. आजच्या लशीतला विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून इतका दुबळा केलेला आहे, की माणसाच्या शरीरात त्याची वाढच होत नाही. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनवण्यासाठी २०२४ मध्ये करार झाला.