बातम्यांचा पडदा : लेख ७ – टेबल गेलं, पोशाख बदलला

मागच्या आठवड्यात बातम्यांची भाषा पाहिली. आज वेशभूषा. ती बदलली फॅशनमुळे, असं आपण धरून चालतो. पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा कॅमेऱ्याचा, माइकचा आणि टेबलाचा आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते कृष्णधवल चित्रानिशी. लाल साडी आणि हिरवी साडी पडद्यावर सारखीच राखाडी दिसू शके. पांढरीशुभ्र साडी दिव्यांखाली भगभगीत दिसे आणि चेहरा काळवंडे. बारीक चौकडी तर नुसती थरथरायची. त्यामुळे साडी निवडताना रंगापेक्षा गडद-फिकं पाहिलं जाई. त्याच काळात स्मिता पाटील मराठी बातम्या देत. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, हा किस्सा प्रसिद्धच आहे. हे जमायचं, कारण कंबरेखालचं सगळं टेबलाआड असे.

१९८२ साली रंग आला. दिल्लीहून बातम्या देणाऱ्या सलमा सुलतान यांच्या साड्या आणि कानामागे खोचलेला गुलाब लोकांच्या आजही लक्षात आहे.

पुढे चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि साडीची खरी अडचण सुरू झाली. निवेदिकेच्या मागे हिरवा पडदा लावून त्याजागी संगणकावरचं चित्र बसवतात. अशा वेळी साडीचा काठ त्याच हिरव्या रंगाचा असेल, तर काठाच्या जागी मागचा नकाशा दिसू लागतो! छोटा माइक पदराला लावला तर कापडाची खसखस ऐकू येते. कोटाच्या कॉलरला तो घट्ट बसतो, वायर आत लपते, ट्रान्समीटर पाठीमागे कमरेला अडकवता येतो. २००७ च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या, तोवर कोट हाच बातम्यांचा गणवेश होऊन बसला होता. सोय म्हणून तो मला मान्य आहे. पण कोटामुळे बातमीला वजन येतं, हे अजिबात पटत नाही. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या प्रदीप भिडे यांच्या बातमीला वजन होतं ते आवाजामुळे आणि स्वच्छ उच्चारांमुळे. आणि एकेकाळी रोज कामावर नेसली जाणारी साडी आता पाडव्याला नि दिवाळीला, नथीसोबत, सजावट म्हणून पडद्यावर येते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता टेबलही गेलं. भल्यामोठ्या व्हिडिओ वॉलसमोर उभं राहून बोलायचं, म्हणजे चपलेपर्यंत सगळं दिसणार. मतमोजणीच्या दिवशी उंच टाचांवर तासन्‌तास उभं राहायचं, आणि वर कपड्यांवरचे शेरेही ऐकायचे. ते बहुतेक बाईच्याच वाट्याला येतात. ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनवर लिसा विल्किन्सन यांना असे शेरे सतत ऐकावे लागत. ते पाहून त्यांचे सहनिवेदक कार्ल स्टेफानोविक यांनी, मोजके दिवस सोडता, वर्षभर एकच निळा सूट घातला. एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं.