विश्लेषण : 576 शक्यता, उत्तर एकच… बुद्धिमत्ता चाचणीतील कोडी अंदाजाशिवाय कशी सुटतात?

पोलीस भरती असो, बँक असो की राज्यसेवा. ‘कोण कुठला, कोण काय करतो’ हे कोडे प्रश्नपत्रिकेत वेळ खाते. ते सोडवण्याची रीत मात्र साधी आहे : जे शक्य नाही, ते आधी खोडायचे.

अमरावती/अकोला : अमरावतीच्या गाडगेनगरपासून अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटपर्यंत अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या उमेदवारांना एका प्रकारच्या प्रश्नाची धास्ती असते. चार-पाच जणांची नावे, गावे, कामे आणि त्यांच्याविषयी तुटक सूचना दिलेल्या असतात. कोण कुठला, हे शोधायचे असते. हुशारीपेक्षा इथे शिस्त लागते. ती नसेल तर हातातली मिनिटे जातात आणि गुणही.

या कोड्यांना इतके महत्त्व का?

राज्यातील पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची आणि 90 मिनिटांची असते. त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान व मराठी व्याकरणासोबत बुद्धिमत्ता चाचणी हा स्वतंत्र घटक आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे ‘सी-सॅट’, 2022 पासून केवळ पात्रतेसाठी धरला जातो. पण त्यात 200 पैकी 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरातील गुणांचा उपयोग होत नाही. बँकांच्या ‘आयबीपीएस’ पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 34 सेकंद. त्यातच एका कोड्यावर बऱ्याचदा तीन ते पाच प्रश्न असतात. मांडणी चुकली की ते सगळेच चुकतात.

कोडे कसे असते?

एक नमुना पाहू. अक्षय, पूजा, रोहित आणि स्नेहा एकाच अभ्यासिकेत बसतात. ते अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर आणि परतवाडा या चार गावांचे आहेत. प्रत्येकाची तयारी वेगळी : पोलीस भरती, बँक, तलाठी आणि राज्यसेवा. अकोट व मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, तर दर्यापूर व परतवाडा अमरावती जिल्ह्यात येतात. सूचना पाच :

1. अक्षय आणि पोलीस भरतीची तयारी करणारी व्यक्ती, हे दोघे अकोला जिल्ह्यातील आहेत.
2. दर्यापूरची व्यक्ती तलाठी परीक्षेची तयारी करते.
3. पूजा दर्यापूरची नाही आणि पोलीस भरतीची तयारीही करत नाही.
4. स्नेहा पोलीस भरतीची तयारी करत नाही.
5. मूर्तिजापूरची व्यक्ती बँकेची तयारी करते.

चार जणांना चार गावे 24 प्रकारे वाटता येतात, चार परीक्षाही 24 प्रकारे. म्हणजे एकूण 24 गुणिले 24, अर्थात 576 मांडण्या. एकेक तपासत बसलो तर पेपर संपेल.

मग सुरुवात कुठून करायची?

कागदावर तक्ता आखावा. डावीकडे चार नावे, वर चार गावे आणि चार परीक्षा. जे अशक्य तिथे फुली, जे नक्की तिथे बरोबरची खूण. सर्वाधिक बांधून ठेवणारी सूचना आधी घ्यावी. इथे ती पहिली आहे. तिच्यामुळे अकोला जिल्ह्यातील दोन्ही जागा भरतात : एक अक्षयची, दुसरी पोलीस भरतीवाल्या व्यक्तीची. त्यामुळे अक्षय पोलीस भरतीचा नाही, हेही कळते. ही एकच सूचना 576 मांडण्या 72 वर आणते. दुसरी सूचना त्या 24 करते.

आता तिसरी. पूजा पोलीस भरतीची नाही आणि ती अक्षयही नाही. म्हणजे ती अकोला जिल्ह्यातील असू शकत नाही. अमरावती जिल्ह्यातील दोन गावांपैकी दर्यापूर तिच्यासाठी बाद. उरले परतवाडा. सूचनेत परतवाड्याचे नावही नव्हते, तरी पूजाचे गाव पक्के झाले. मांडण्या उरल्या 8.

चौथ्या सूचनेने स्नेहाही अकोला जिल्ह्यातून बाद होते. परतवाडा पूजाने घेतले, म्हणून स्नेहा दर्यापूरची. आणि दर्यापूर म्हणजे तलाठी. पोलीस भरतीसाठी उरला रोहित. मांडण्या 4.

शेवटी दोन वाटा दिसतात : अक्षय अकोटचा किंवा मूर्तिजापूरचा. दोन्ही लिहून पाहाव्यात. अक्षय अकोटचा धरला तर रोहित मूर्तिजापूरचा होतो. पण पाचव्या सूचनेनुसार तिथली व्यक्ती बँकेची तयारी करते आणि रोहित तर पोलीस भरतीचा. विसंगती आली, वाट बंद. म्हणून अक्षय मूर्तिजापूरचा आणि बँकेचा, रोहित अकोटचा, तर पूजा राज्यसेवेची. उरली एक मांडणी.

चूक नेमकी कुठे होते?

अनेकांचा पाय घसरतो तो ‘वाटण्या’वर. पोलीस भरती म्हटले की मुलगा, असे धरून काही जण पूजा आणि स्नेहावर आधीच फुली मारतात. या कोड्यात उत्तर योगायोगाने जुळते, पण पुढच्यात जुळेलच असे नाही. राज्यातील पोलीस भरतीत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. मराठीतून पेपर देणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा : ‘तयारी करणारी व्यक्ती’ वाचून ती स्त्री आहे, असे समजू नये. ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, माणूस कोणीही असू शकतो. सूचनेत लिहिलेले तेवढेच खरे.

दुसरी चूक म्हणजे उत्तर निघालेच पाहिजे, हा हट्ट. वरील कोड्यातून दुसरी सूचना काढून टाका. स्नेहा दर्यापूरची हे तरीही ठरते, पण ती तलाठीची तयारी करते की राज्यसेवेची, हे ठरत नाही. अशा वेळी पर्यायांत ‘माहिती अपुरी आहे’ असेल तर तेच बरोबर उत्तर. दोन मांडण्या सर्व सूचनांत बसत असतील, तर एकीची निवड करणे हा तर्क नव्हे.

कोडे अर्धेच सुटले तर?

इथे हिशेब कामी येतो. बँकेच्या परीक्षेत साधारणतः पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण वजा होतात. प्रश्न एका गुणाचा धरला तर पाच प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्यास सरासरीने एक बरोबर येतो, चार चुकतात. मिळाला 1 गुण, गेला 1 गुण, हाती शून्य. पण तर्काने तीन पर्याय नक्की बाद करता आले, तर अशा दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, एक चूक. हाती पाऊण गुण. म्हणजे अर्धवट तक्ताही वाया जात नाही, मात्र फुल्या पक्क्या हव्यात.

ही रीत किती मोठ्या कोड्याला पुरते?

‘आइनस्टाइनचे कोडे’ म्हणून ओळखले जाणारे पाच घरांचे कोडे 1962 मध्ये ‘लाइफ इंटरनॅशनल’ नियतकालिकात छापून आले होते. ते आइनस्टाइनने रचल्याचा पुरावा नाही. पाच घरे आणि प्रत्येकाचे पाच गुणधर्म धरले तर मांडण्या होतात 2,488 कोटींहून अधिक. तरी ते संगणकाशिवाय, 15 सूचना आणि एका तक्त्याच्या बळावर सुटते. परीक्षेतील चार-पाच नावांचे कोडे त्यापुढे लहान आहे. सरावात घड्याळ लावण्याआधी काही दिवस प्रत्येक फुलीपुढे तिच्या सूचनेचा क्रमांक लिहून पाहावा. ज्या फुलीपुढे क्रमांक लिहिता येत नाही, ती अंदाजाने मारलेली असते.