देवदूत: निरोप्या, देव नव्हे

गोव्यात १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत आणली, देवदूतांसह. देवदूत म्हणजे पंखांचा छोटा देव, हा समज चित्रांनी पसरवला. बायबलचा पुरावा उलट आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत गाब्रिएल मरीयेला निरोप देतो, तिच्या शंकेचे उत्तर देतो आणि निघून जातो. प्रकटीकरणात योहान पाया पडताच देवदूत त्याला थांबवतो, आपणही सेवकच असल्याचे सांगतो. कोणी म्हणेल, प्रकटीकरणातलाच देवदूत मीखाएल तर अजगराशी लढतो, तो नुसता निरोप्या कसा? पण विजयानंतर जयघोष होतो तो देवाचा. म्हणून गाब्रिएलला नारदाच्या पंगतीत बसवणे पटत नाही: नारद मर्जीने फिरतो, कळही लावतो, गाब्रिएल पाठवल्याशिवाय येत नाही.