मंडळीची वार्ता : वाशीम परिसरातील प्रॉटेस्टंट समाजाच्या भाषेविषयी

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील गाव. बोली वऱ्हाडी, मुख्य व्यवसाय शेती, आणि मोठ्या कामाचे ठिकाण वाशीम. रिठदकडील मनुष्य वाशीमला जातो तो कचेरीसाठी, बाजारासाठी किंवा दवाखान्यासाठी. या तिसऱ्या कारणाशी एका आंतरराष्ट्रीय प्रॉटेस्टंट पंथाचा इतिहास निगडित आहे. तो पंथ म्हणजे चर्च ऑफ द नाझरीन. या पंथाचे कार्य 1898 साली बुलढाण्यास सुरू झाले. किंबहुना, ज्या अमेरिकी संघटनांच्या एकीकरणातून 1908 साली टेक्ससमधील पायलट पॉइंट येथे आजचा पंथ आकारास आला, त्यांपैकी एकीने एकीकरणाच्या दहा वर्षे आधीच वऱ्हाडात माणसे पाठविली होती. वाशीमला पूर्वी मेथॉडिस्ट मिशनचे ठाणे होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते नाझरीन पंथाकडे आले. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली भारतात आल्या आणि 1938 साली वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. हायरम रेनॉल्ड्स हे या पंथाच्या परदेशी कार्याचे दीर्घकाळचे सूत्रधार. त्यांच्या नावाचे हे रुग्णालय ज्या वर्षी सुरू झाले, त्याच वर्षी ते वारले.

हा इतिहास मिशनच्या इतिहासकारांनी आपल्या परीने लिहिलेला आहे. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. अशा मंडळीत एकमेकांची वार्ता कोणत्या भाषेत सांगितली जाते, ती भाषा कोठून आली, आणि तिच्यात काय मावते व काय मावत नाही, हा तो विषय होय.

आरंभ ‘मंडळी’ या शब्दापासूनच करणे योग्य. सर्वसामान्य मराठीत ‘मंडळी’ म्हणजे जमलेली माणसे. ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंब, आणि जुन्या पिढीच्या पुरुषाच्या तोंडी तर केवळ पत्नी. हा शब्द समूहवाचक असल्यामुळे त्याची मोजदाद होत नाही. ‘लग्नाला पुष्कळ मंडळी आली’ असे आपण म्हणतो, ‘पुष्कळ मंडळ्या आल्या’ असे म्हणत नाही. ख्रिस्ती मराठीने मात्र ग्रीक ‘एक्लेसिया’ या शब्दासाठी ‘मंडळी’ योजिला आणि त्याला गणनीय केले. एका गावची एक मंडळी, सात गावच्या सात मंडळ्या. अनेकवचनाचा हा एक प्रत्यय वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याने एक सामाजिक वस्तू निर्माण केली. जिची नोंदवही असते, जिला वडील व खजिनदार असतात, जी एखाद्याला सभासद करून घेते किंवा नावानिशी वगळते, अशी ती वस्तू. तरीही जुना अर्थ पुसला गेला नाही. ‘आपली मंडळी’ असे जेव्हा व्यासपीठावरून म्हटले जाते, तेव्हा संस्था आणि घरची माणसे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. इंग्रजी ‘चर्च’ हा शब्द मराठीत आला तो बहुधा इमारतीसाठी. माणसांसाठी ‘मंडळी’ टिकला. वाटणी चांगली झाली म्हणावयाची.

ही शब्दसंपत्ती वऱ्हाडात जन्मलेली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. मराठी नवा करार श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 साली बंगालमध्ये छापला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 साली मुंबईस उतरले. ‘ज्ञानोदय’ 1842 साली अहमदनगरास निघाला. या तिन्हींच्या संस्कारांतून, आणि पुढे रेव्ह. नारायण वामन टिळकांसारख्या कवींच्या गीतांतून, ख्रिस्ती मराठीला जे वळण लागले ते मुंबईचे व देशावरचे. वऱ्हाडात मिशनरी आले ते हा ग्रंथ आणि ही गीते हाती घेऊनच. म्हणून वाशीमच्या उपासकाला परकेपणाच्या दोन पायऱ्या चढाव्या लागल्या. एक धर्माची, ती सर्वांना दिसते. दुसरी भाषेची, ती कोणी मोजली नाही, कारण दोन्हीकडे भाषेचे नाव ‘मराठी’च होते.

याचे सर्वांत सोपे गमक ‘ळ’ हे अक्षर होय. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ ऐकू येतो : डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया, आणि पुढे ‘ई’ आल्यास तो ‘य’ही लोपतो, जसे पोळी-पोई, होळी-होई. आता ख्रिस्ती मराठीतील पारिभाषिक शब्द पाहावेत. ‘पास्टर’ म्हणजे मूळचा मेंढपाळ. त्यासाठी संस्कृत ‘पालक’ न घेता ‘ळ’कारयुक्त ‘पाळक’ घेतला गेला. वऱ्हाडी उच्चारनियम लावला तर ‘पाळका’चा ‘पायक’ होतो आणि ‘मंडळी’ची ‘मंडई’. जुन्या मराठीत पायक म्हणजे पायदळातील शिपाई, सेवक. मंडई म्हणजे भाजीचा बाजार. भाषांतरकारांच्या स्वप्नातही हे अर्थ नसतील. (पाळकाने आपण पायक आहोत हे अधूनमधून ऐकावे यात वाईट काही नाही, हा भाग वेगळा.) परिणाम असा की, या मंडळीत शिकलेपणाची खूण ‘ळ’च्या उच्चारात येऊन बसते. जो पुस्तकी ‘ळ’ उच्चारतो तो वाचन करतो, निवेदने सांगतो, अहवाल लिहितो. ज्याच्या जिभेवर ‘य’ आहे तो ऐकतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. त्याच्याच नावावरून प्राकृत काव्यशास्त्रातील ‘वच्छोमी’ ही रीती ओळखली गेली, आणि राजशेखराच्या काळी ती नावाजलेली होती. ज्या भूमीच्या वाणीला एके काळी असा मान होता, तिथल्या माणसाला आपली बोली व्यासपीठासाठी अपुरी वाटावी, हा काळाचा फेरा म्हणावा लागेल.

मंडळीच्या वार्तेची मुख्य जागा म्हणजे रविवारच्या उपासनेतील निवेदने. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, दानार्पण आणि उपदेश या क्रमात निवेदनांना धार्मिक मूल्य असे काही नसते. विधीच्या पुस्तकात त्यांना फारशी जागा नसते. पण समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तासाभराच्या उपासनेतील हीच पाच-दहा मिनिटे सर्वांत दाट असतात. कोण आजारी आहे, कोणाचे शस्त्रक्रियेसाठी नाव लागले आहे, कोणाच्या घरी नामकरण, कोणाच्या मुलीचा विवाह ठरला आहे, कोणता पाहुणा कोठून आला आहे, स्त्रियांची प्रार्थनासभा या आठवड्यात कोणाच्या घरी आहे, हे सारे तेथे येते. कळविणे, निमंत्रण देणे, मदत मागणे आणि क्वचित समज देणे या चारही क्रिया एकाच वाक्यप्रकारात पार पडतात. ‘अमुक भगिनीसाठी प्रार्थना करावी’ या वाक्याचा व्याकरणिक अर्थ विनंतीचा. व्यवहारातील अर्थ असा, की दवाखान्यात डबा नेणारे कोणी हवे आहे.

अशा वाक्यांतील काही शब्दांना दुहेरी जीवन आहे. ‘तारण’ हा त्यांतील विलक्षण शब्द. मंडळीत तारण म्हणजे आत्म्याची मुक्ती. सोसायटीत किंवा बँकेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली जमीन अथवा दागिना. रिठदच्या आसमंतातील शेतकरी हा शब्द कचेरीत ऐकतो तेव्हा काहीतरी गमावण्याची भीती असते; उपासनेत ऐकतो तेव्हा काहीतरी मिळण्याचे आश्वासन. एकाच धातूचे हे दोन पदर उपदेशकांच्या दृष्टीस फारसे पडलेले दिसत नाहीत. पडते तर दृष्टांतांची खाण हाती लागली असती. ‘साक्ष’ हा असाच दुसरा शब्द. नाझरीन पंथ जॉन वेस्लीच्या परंपरेतून निघालेल्या पवित्रीकरणाच्या चळवळीतला. आपल्या आयुष्यात देवाने काय केले हे चारचौघांत उभे राहून सांगण्यास तेथे फार महत्त्व. मराठीत त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात, आणि हाच शब्द कोर्टाचा. दोन्ही ठिकाणी मनुष्य उभा राहतो, दोन्ही ठिकाणी त्याचे म्हणणे इतर तपासतात. फरक इतकाच की, कोर्टात त्याच्या बोलीचे प्रमाण मराठीत रूपांतर लेखनिक करतो, मंडळीत ते त्याचे त्यालाच करावे लागते. म्हणून साक्षीचा आरंभ व शेवट बहुधा ठरीव, ग्रांथिक वाक्यांचा असतो, आणि मधला भाग, म्हणजे दारू कशी सुटली, पोर तापातून कसे उठले, तो बोलीत सरकतो. ऐकणारे कान टवकारतात तेही तेथेच.

मृत्यूच्या वार्तेत भाषा निराळाच मार्ग काढते. मराठीत मृत व्यक्ती कैलासवासी किंवा वैकुंठवासी होते, मुसलमान पैगंबरवासी. त्याच साच्यात ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द घडला. त्याचा समास मराठमोळा; आशय मात्र बदललेला, कारण येथे वास स्थळी नसून व्यक्तीच्या ठायी आहे. याच्या जोडीला ‘प्रभूमध्ये निजला’ असाही प्रयोग आहे. त्याचे मूळ नव्या कराराच्या ग्रीकमध्ये असून इंग्रजीतील दफनभूमीचा शब्दही ‘निजण्याची जागा’ या ग्रीक अर्थावरूनच आला आहे.

आता जी वार्ता सांगितली जात नाही तिच्याकडे वळले पाहिजे. बाप्तिस्मा ही मंडळीतील सर्वांत आनंदाची बातमी. पण कायद्याने तिला दुसरी बाजू दिली. 1950 सालच्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना अनुसूचित जातींतून वगळले. पुढे 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. 1985 साली ‘सूसाई’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की धर्मांतरानंतरही जात टिकते एवढे दाखविणे पुरेसे नाही. नव्या समाजातही त्या जातीचे हाल तितकेच तीव्र आहेत हे पुराव्याने दाखवावे लागेल. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गीयांत स्थान आहे, पण दोन्हींतील सवलती सारख्या नाहीत. ज्या विदर्भात 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे या कलमाचे वजन विशेष जाणवते. एकाच आजोबाची नातवंडे, एक शाखा बौद्ध झालेली व दुसरी ख्रिस्ती, शाळेच्या दाखल्यापाशी येऊन निराळ्या रकान्यांत पडू शकतात. नोंदवहीतील नाव हे एकीकडे मंडळीतील सभासदत्वाचे प्रमाण, दुसरीकडे मुलाच्या जातप्रमाणपत्राविरुद्ध पुरावा. अशा स्थितीत कोणाचा बाप्तिस्मा व्यासपीठावरून नावानिशी जाहीर करावा आणि कोणाचा ‘एक कुटुंब’ एवढ्यावरच ठेवावा, हा प्रश्न पाळकापुढे केवळ भाषाशैलीचा राहत नाही. मौन हाही वार्तेचा एक प्रकार आहे आणि या समाजात तो जाणून घेतल्याशिवाय बाकीच्या वार्तेचा अर्थ लागणार नाही.

वार्ता गावातच राहत नाही, ती वर चढते. पंथाची रचना त्रिस्तरीय आहे : स्थानिक मंडळी, डिस्ट्रिक्ट आणि जागतिक संघटना. डिस्ट्रिक्टच्या वार्षिक अधिवेशनात प्रत्येक पाळकाने अहवाल द्यावयाचा असतो. जागतिक महासभा सामान्यतः दर चार वर्षांनी भरते. आज हा पंथ 160 हून अधिक जागतिक क्षेत्रांत पसरलेला असून त्याचे सभासद 25 लाखांहून अधिक आहेत. (डिस्ट्रिक्टला ‘जिल्हा’ म्हणावे तर आणखी घोटाळा. सरकारी वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, मंडळीचा ‘जिल्हा’ त्याच्या पुष्कळ आधीचा. आणि ‘जिल्हा अधीक्षक’ म्हटले की खेड्यातील मनुष्याला प्रथम पोलीस आठवतो.) अहवालाची भाषा आकड्यांची असते : सभासद किती, बाप्तिस्मे किती, शब्बाथ शाळेची हजेरी किती, दान किती. आकडे आवश्यकच आहेत. त्यांवाचून इतका मोठा संसार चालणार कसा? पण रविवारच्या निवेदनांतील क्रियापदे येथे नाहीशी होतात व नामे उरतात.

अमेरिकेत या पंथाचे परदेशी कार्याला वाहिलेले मासिक 1913 पासून निघत असे. त्याचे नाव ‘द अदर शीप’, म्हणजे ‘दुसरी मेंढरे’. योहानाच्या शुभवर्तमानातील एका वचनावरून ते घेतले होते, आणि पुढे बदलले गेले. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच होता. तरी भाषेच्या दृष्टीने ‘दुसरी’ हे विशेषण बोलणारा कोठे उभा आहे हे सांगून जाते. कॅन्झस सिटीहून पाहता वाशीमची मंडळी ‘दुसरी’. वाशीमला ती ‘आपली’. मिशनऱ्यांच्या पत्रांत एका मनुष्याचे हृदयपरिवर्तन ही बातमी असते. निवेदनांत तोच मनुष्य कोणाचा जावई, कोणत्या गावचा, आणि परतीच्या गाडीने कोणासोबत जाणार, ही बातमी असते. पहिल्या वार्तेला परक्या वाचकाने दान द्यावयाचे असते, दुसरीला शेजाऱ्याने हात द्यावयाचा असतो. दोहोंपैकी एक खरी व दुसरी खोटी असे नाही. पण ग्रंथालयांत जतन झाली ती पहिली.

पावसाळा सरल्यावर येणाऱ्या कापणीच्या सणात हा भेद डोळ्यांना दिसतो. लोक शेतातील पहिला माल आणून अर्पण करतात. पूर्वी ज्वारी व कापूस, अलीकडे सोयाबीन व तूर, शिवाय भाजी, कोंबडी, अंडी. उपासना संपली की आवारात त्यांचा लिलाव होतो. एखादा भोपळा पुन्हापुन्हा परत दिला जाऊन त्याच्या बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो. बोली येथे शब्दशः दोन्ही अर्थांनी चालते : भावाची, आणि वऱ्हाडी. थट्टा, चढाओढ, एखाद्या विधवेने आणलेल्या पसाभर तुरीवर मुद्दाम चढवलेली किंमत, हे सारे तिच्यातच घडते, आणि त्या दिवशी ‘ळ’कडे कोणी लक्ष देत नाही. संध्याकाळी खजिनदार जमेच्या बाजूला एक रक्कम लिहितो. अहवालात तीच जाते. भोपळा कोणी आणला आणि कोणी घेतला, हे पुढल्या वर्षीच्या सणापर्यंत घरोघरी सांगितले जाते.