चंद्रावरचा एक ठिपका

दोन चित्रांतले फरक ओळखा, हे कोडं तुम्ही सोडवलंच असेल. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या इंजिनिअरनंही तेच सोडवलं. फक्त त्याची दोन्ही चित्रं होती चंद्राची!

झालं असं की, ७ सप्टेंबर २०१९ ला भल्या पहाटे चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरता उतरता आदळलं. पण नेमकं पडलं कुठे? नासाचं एलआरओ नावाचं यान २००९ पासून चंद्राभोवती घिरट्या घालतंय. त्यानं १७ सप्टेंबरला त्या भागाचे फोटो काढले. पण तिथे सूर्य अगदी खाली होता, सावल्या लांबच लांब, त्यात काही सापडेना. नासानं ते फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले.

षण्मुगनं काय केलं? दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. एकावर त्या जागेचा जुना फोटो, दुसऱ्यावर नवा. आणि बसला बघत! बघता बघता नव्या फोटोत एक चमकदार ठिपका दिसला. एकच! जुन्यात तो नव्हता. त्यानं नासाला कळवलं. पुढे चांगल्या उजेडात काढलेले फोटो शास्त्रज्ञांनी तपासले आणि डिसेंबरमध्ये जाहीर केलं, की तो विक्रमचाच तुकडा आहे. विक्रम आदळलं तिथून जवळजवळ ७५० मीटर लांब उडालेला! शोधाचं श्रेय अर्थातच षण्मुगला.

असे फोटो तुम्हीही बघू शकता, फुकट. पण चंद्राचे फोटो बघताना एक गंमत होते. खड्डे चक्क टेकड्यांसारखे दिसायला लागतात! उजेड वरूनच येतो, असं आपला मेंदू धरून चालतो. फोटोत ऊन खालच्या बाजूनं येत असेल, की तो फसतो. मग फोटो उलटा करायचा. टेकड्यांचे पुन्हा खड्डे! (करून बघाच. मला तर हा खेळ फोटोंपेक्षाही आवडतो.)

रंगांचीही अशीच मजा. जूनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. ते स्वतःभोवतीही मिनिटाला साधारण दोन गिरक्या घेतं. त्यामुळे त्याचा कॅमेरा लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून फोटोच्या नुसत्या पट्ट्या पाठवतो. त्या जोडून चित्र तयार करण्याचं काम जगभरातली हौशी मंडळी घरी बसून करतात. गुरूवरची ती निळी वादळं पाहिलीयेत ना? त्यातली बरीच चित्रं या मंडळींनीच बनवलेली आहेत. भोवरे उठून दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केलेले असतात. जवळ जाऊन पाहिलंत, तर गुरू इतका निळा दिसणार नाही.

विक्रम आदळलं, पण आपल्या चांद्रयान-२ चं चंद्राभोवती फिरणारं ऑर्बिटर मात्र शाबूत राहिलं. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या फोटोत एक ठिपका म्हणजे चंद्रावरची जेमतेम ३० सेंटीमीटर जागा! हे फोटो इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर मिळतात. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, तेव्हा आईला किंवा बाबांना सोबत घेऊन बसा.

आणि हो, व्हॉट्सॲपवर अवकाशाचा झकास फोटो आला, तर आधी त्याच्याबरोबर यानाचं नाव आणि तारीख आहे का बघा. दोन्ही नसतील, तर तो पुढे पाठवू नका.