चढ मोजता आला पाहिजे

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये ठरलेला प्रश्न विचारला जातो, "गणितात निघाला का?" मराठी, इतिहास, भूगोल यांची कोणी चौकशी करीत नाही. गणितात पोरगा किंवा पोरगी अडकली की पुढची वाट बंद झाली, हे अडाणी आईबापालाही ठाऊक असते. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात या दुखण्यावर एक औषध सुचवले गेले. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल, मात्र पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असेल, अशी ही तरतूद. वरवर पाहता ही दया वाटते. पण तो शेरा कोणाच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर जास्त पडेल? ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, त्यांच्याच. उत्तीर्णतेची रेषा खाली आणणे सोपे आहे. मुलाला त्या रेषेपर्यंत चढवणे अवघड आहे, आणि शिक्षणाचे खरे काम तेच आहे.

रेषेचेच उदाहरण घेऊ. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमितीचे प्रकरण आहे आणि त्यात 'रेषेचा चढ' शिकवला जातो. रेषेवरचे दोन बिंदू घ्यायचे, त्यांच्यातील उभा फरक काढायचा, आडवा फरक काढायचा आणि उभ्याला आडव्याने भागायचे. एवढीच गोष्ट! पण फळ्यावर सूत्र लिहिले जाते, मुले ते पाठ करतात, परीक्षेत अक्षरांच्या जागी आकडे भरतात आणि महिन्याभरात विसरतात. चढ म्हणजे काय, असे विचारले तर मूल सूत्र म्हणून दाखवते, अर्थ सांगू शकत नाही. वास्तविक 'चढ' हा शब्द आपल्याच बोलीतला. घाट चढणाऱ्याला, हातगाडी ओढणाऱ्याला, डोक्यावर हंडा घेऊन टेकडीवरच्या झोपडपट्टीत जाणाऱ्या बाईला चढ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. शाळेनेच तो शब्द अनोळखी करून टाकला आहे.

आता मालाडच्या पश्चिमेला, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये असलेल्या मढ गावाकडे पाहा. समोर वेसावे दिसते, तरीतून काही मिनिटांत पलीकडे जाता येते. रस्त्याने जायचे तर मार्वे, मालाड असा मोठा वळसा पडतो. कोळ्यांचे हे गाव भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालते. होडी कधी पाण्यात लोटायची, कधी परत आणायची, हे पाणी ठरवते. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे यासाठी पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी आहे ना? चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच.

हा हिशेब आलेख कागदावर मांडला तर काय होते? आडव्या अक्षावर तिथी घ्या, उभ्या अक्षावर भरतीची वेळ. चार तिथीवर तीन, आठवर सहा, बारावर नऊ. बिंदू जोडले की सरळ रेषा येते. चतुर्थी ते अष्टमी आडवा फरक ४, उभा फरक ३. चढ तीन चतुर्थांश. अष्टमी ते द्वादशी पुन्हा तेच. चतुर्थी ते द्वादशी उभा फरक ६, आडवा फरक ८, उत्तर तेच. कोणतेही दोन बिंदू घ्या, चढ बदलत नाही. सरळ रेषा म्हणजे काय याचे याहून चांगले उत्तर कोणत्या पुस्तकात मिळेल? कोळणीच्या तोंडातला 'पाऊणपट' हा शब्द म्हणजेच त्या रेषेचा चढ आहे. आजीला ते माहीत होते, फक्त तिला कोणी गणिती म्हटले नाही.

यावरून वर्गात एक प्रकल्प उभा राहतो. पहिल्या दिवशी मुलांनी घरी विचारून पाऊणपटीचा हिशेब लिहून आणावा. पुढचे पंधरा दिवस भरतीची छापील वेळ वहीत टिपावी. मग एकाच कागदावर दोन्ही काढावे, आजीची रेषा आणि छापील वेळांचे बिंदू. बिंदू रेषेवर तंतोतंत बसणार नाहीत, काही अर्धा-पाऊण तास वर जातील. खरे शिक्षण इथे सुरू होते. असे का होते? पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ घड्याळाचे बारा तास पुढे सरकते. म्हणजे सरासरीने एका तिथीला ४८ मिनिटे, तासाच्या चार पंचमांश. पाऊणपटीने मात्र ४५ मिनिटेच धरली जातात. दर तिथीला तीन मिनिटांची तूट, पंधराव्या तिथीला ती ४५ मिनिटे होते. म्हणूनच पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा सांगते आणि सरासरीने भरती बाराच्या आसपास येते. तोंडी हिशेबाला सोपा म्हणून जुन्यांनी पाऊण धरला. त्यात त्यांची चूक नाही, ती त्यांची सोय होती. दोन रेषांच्या चढातला लहानसा फरक पुढे जाऊन केवढा होतो, हे मूल इथे स्वतःच्या हाताने शोधते.

मुलांचा नेहमी गोंधळ होतो तो आडव्या आणि उभ्या रेषेच्या चढाचा. एकीचा शून्य, दुसरीचा काढताच येत नाही. असे का, ते सहसा कोणी सांगत नाही. बोंबील वाळवायला बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात, तिथे मुलांना न्यावे. ताणलेली आडवी दोरी, चढ शून्य, कारण पुढे जाऊनही आपण वर चढत नाही. उभा बांबू, इथे पुढे सरकणेच नाही, आडवा फरक शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. तिरका टेकू टेपने मोजून त्याचा चढ काढावा. ओल्या बोंबलांच्या वजनाने झुकलेल्या दोरीचा चढ मात्र जागोजागी बदलतो. हुशार मुलाला तिथेच थांबवून विचारावे, आता याचा चढ कसा काढशील? अकरावी-बारावीच्या गणिताचे दार त्या प्रश्नाने उघडते.

पण चढ शिकायचा तो केवळ गुणांसाठी नाही. तो हक्क मागण्यासाठीही लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. शाळेत अडथळ्याविना जाता आले पाहिजे, असे कायदा म्हणतो. रॅम्पसाठी ठरलेले प्रमाण १२ ला १ आहे. म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट आडवी जागा. शाळेचा ओटा ४५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प ५४० सेंटीमीटर लागतो. ठेकेदाराने तो २०० सेंटीमीटरमध्ये उरकला तर चढ साडेचारला एकच्याही पुढे जातो आणि चाकाची खुर्ची घेऊन येणारे मूल पायथ्याशीच थांबते. कागदावर मात्र 'रॅम्प आहे' अशी नोंद होते! मुलांनी टेप आणि गवंड्याची पाण्याची नळी घेऊन आपल्या शाळेचा, दवाखान्याचा रॅम्प मोजावा आणि आकड्यांसह अर्ज लिहावा. "रॅम्प नीट नाही" ही तक्रार झाली. "रॅम्पचा चढ साडेचारला एक आहे, तो बाराला एक हवा" हा पुरावा झाला.

तसेच कर्जाचे. दहा हजार रुपये सावकाराकडून महिना शेकडा पाचने घेतले तर दरमहा व्याज ५००. तेच वर्षाला शेकडा बाराने घेतले तर दरमहा १००. दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघतात. एकीचा चढ ५००, दुसरीचा १००. दहाव्या महिन्याला एकीवर पाच हजार व्याज, दुसरीवर एक हजार. आठवीच्या मुलीने हा आलेख काढून घरी भिंतीला लावला तर सावकाराच्या कागदावर अंगठा उमटण्यापूर्वी आईबाप एकदा तरी विचार करतील.

बाबासाहेबांनी हाच हिशेब १९२७ साली मुंबई विधिमंडळात मांडला होता. शिक्षणावरील चर्चेत त्यांनी सरकारच्याच अहवालाचे आकडे पुढे ठेवले. शिक्षणाची प्रगती याच गतीने चालली तर शाळेच्या वयाच्या सर्व मुलांना शिक्षणाखाली आणायला ४० वर्षे आणि मुलींना ३०० वर्षे लागतील, हे त्यांनी सभागृहाला दाखवले. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोहोचतात, हेही सांगितले. शाळांची संख्या वाढते आहे म्हणून समाधान मानणाऱ्यांना त्यांनी वाढीचा वेग विचारला. रेषा वर जाते आहे एवढे पुरेसे नाही, ती किती चढाने जाते आहे, हे विचारायला त्यांनी शिकवले. अनुशेष, शिष्यवृत्ती, वसतिगृहे, नोकरभरती, कोणताही सरकारी आकडा वाचताना आज हीच नजर लागते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे मागे लागलेली असतात, प्रकल्प कधी करायचे? त्यांची अडचण खोटी नाही, आणि शिक्षकांना वर्गाबाहेरच्या कामांतून मोकळे केलेच पाहिजे. पण दहावीच्या गणितात अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आजही आहेत. ते उतरवून काढलेल्या वह्यांना देण्याऐवजी अशा मोजणीला द्यावेत. खर्च तो काय? आलेख कागद, टेप, दोरी. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीत लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेब होता, शेतीचे ज्ञानही होते. शिक्षण रोजच्या जगण्याला भिडावे ही मागणी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मढच्या मुलाला भरतीची वेळ, मुलुंडच्या मुलीला टेकडीच्या पायऱ्या, कसाऱ्याच्या मुलाला घाटातला ३७ ला १ चा लोहमार्ग. प्रत्येकाच्या दाराशी एक चढ उभा आहे. तो मोजायला शिकवा. मग २० गुणांची सवलत मागायची वेळ आपल्या मुलांवर येणार नाही.